वेगळा ठेवलेला प्रश्न

तुळजापूर, १८ मार्च २०२४

नीरू,

तुम्हा सगळ्यांना माझा आणि काकूचा आशीर्वाद. कानाचं नवं यंत्र बसवलं, तरी फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते. मोबाईलवर लिहायला जावं तर भलतीच अक्षरं उमटतात. म्हणून हे स्पीडपोस्टानं. तूही तसंच लिही.

काम महत्त्वाचं आहे. तेरचा श्रीनाथ तुला माहीत नसेल. धाराशिवच्या कॉलेजात माझ्या शेवटच्या वर्गात होता, राज्यशास्त्र घेतलेलं. पुढं ट्रेनिंग करून तो तेलवाहू जहाजावर लागला. इंजिनखोलीत यंत्रांना वंगण घालायचं, त्यांच्यावर नजर ठेवायची, असं काम. मागच्या महिन्यात ते जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका देशाच्या नौदलानं पकडलं. चोरीचं तेल भरलं असा आरोप आहे. जहाजाचा मालक गायब. सोळा जण त्याच जहाजावर बंदुकीच्या पहाऱ्यात बसून आहेत. सात आपले, पाच फिलिपिन्सचे, चार पोलंडचे.

त्याची आई कस्तुराबाई परवा घरी आली होती. वडील नाहीत, थोरला भाऊ शंभू शेती बघतो. शंभूचं म्हणणं, कलेक्टर कचेरीसमोर बसू, टीव्हीवाल्यांना बोलवू. कस्तुराबाई मला म्हणाल्या, "सर, तुमची पुतणी दिल्लीत ह्याच कामात हाय म्हनं. तिला इचारा, आमी बोंबलावं का गप बसावं?"

निरनिराळे देश परराष्ट्र धोरण कसं ठरवतात, याचाच तुझा अभ्यास. तुमच्या संस्थेचे कागद सरकारात वाचले जातात हे तूच सांगितलं होतंस. तेव्हा सांग, काय करावं? तू म्हणशील तसं करतो.

काकूनं शेंगाचटणीचा डबा वेगळा पाठवला आहे.

मार्तंडकाका

---

दिल्ली, २९ मार्च २०२४

ती. काका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. चटणी चार दिवसांत संपली.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. गप बसा.

कठोर वाटेल, पण कारण ऐका. जूनमध्ये आपलं शिष्टमंडळ त्याच देशात जाणार आहे. कच्च्या तेलाचा आणि एका बंदराचा करार आहे. आपलं बरंचसं तेल आखातातून येतं. तिथं उद्या काही बिनसलं तर दुसरी वाट हवी. ही आता नुसती व्यापाराची गोष्ट राहिलेली नाही, देशाच्या सुरक्षेची झाली आहे. अशा वेळी टीव्हीवर आरडाओरडा झाला, तर समोरचा देश ताठर होतो आणि माणसं सुटण्याऐवजी अडकतात. मी पाच देशांचा अभ्यास करतेय. जिथं रस्त्यावरच्या गर्दीनं धोरण ठरवलं, तिथं हात पोळलेलेच जास्त दिसतात. आपल्याकडं हे काम जाणकारांच्या हातात आहे, आणि ते मला बरं वाटतं.

आणखी एक, हे तुमच्यापुरतंच ठेवा. त्या शिष्टमंडळासाठी आमच्याकडून टिपण मागवलं आहे आणि ते मीच लिहितेय. म्हणजे श्रीनाथचा प्रश्न आपल्याच हातात आहे असं समजा. त्याच्या घरच्यांना तेवढं शांत ठेवा. ते तुम्हीच करू शकता.

तुमची नीरू

---

तुळजापूर, २१ मे २०२४

नीरू,

तुझं पत्र आल्यापासून तीनदा तेरला जाऊन आलो. इथून धाराशिव, तिथून तेरची बस. उन्हाची कटकट आहे, पण कामापुढं काही वाटलं नाही. टिपण तुझ्याकडं आहे हे वाचून काकूनं देवीला ओटी भरली. मी कुणाला बोललो नाही. "दिल्लीत आपलं माणूस बघतंय," एवढंच सांगितलं.

शंभूला आवरणं अवघड गेलं. तो म्हणाला, "सर, तुमी कायम गप बसा म्हनता. तिकडं बाकीच्या देशांचे लोक गप हायत का?" श्रीनाथचा आठवड्याला एक फोन येतो, शिपायाच्या मेहरबानीनं. तो सांगतो, फिलिपिन्सचा अधिकारी दोनदा बोटीवर चढून आला. औषधं आणली, प्रत्येकाचं नाव घेऊन ताप आहे का विचारलं. तिकडं त्यांच्या बायका राजधानीत एका कचेरीच्या दारात बसून आहेत. पोलंडच्या एका बाईनं त्यांच्या संसदेत चौघांची नावं वाचली, गावासकट. आपल्या सातांकडं एक पत्र आलं. "प्रकरण विचाराधीन आहे."

मी पस्तीस वर्षं वर्गात लिहून दिलं, परराष्ट्र धोरणाचं पहिलं उद्दिष्ट राष्ट्राची सुरक्षा. श्रीनाथनं एकदा हात वर करून विचारलं होतं, "सर, राष्ट्रात आपण येतो का?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. तुझ्या पाच देशांत याचं उत्तर काय आहे, ते जमल्यास लिही.

बाकी तू सांगितलंस तसंच चाललंय. शंभूनं माझ्या शब्दाखातर मोर्चा रद्द केला. कस्तुराबाई म्हणाल्या, "सर म्हनत्यात तर गप बसू."

मार्तंडकाका

---

दिल्ली, २६ जून २०२४

ती. काका,

करार झाला. पेपरात वाचलंच असेल. बोलणी अपेक्षेपेक्षा चांगली झाली.

आपल्या सात जणांचा विषय वेगळ्या पातळीवर चालू आहे. त्याला जरा वेळ लागेल. आता संबंध सुधारलेत, तर दोन-तीन महिन्यांत काहीतरी व्हावं.

तुम्ही इतर देशांचं विचारलंत. त्यांची तुलना आपल्याशी होत नाही, काका. फिलिपिन्समध्ये घराआड एक माणूस समुद्रावर आहे. खलाशाला विसरणारं सरकार तिथं निवडून यायचं नाही. पोलंडचे ते चौघं एकाच बंदराच्या गावचे. त्या बाईंचा मतदारसंघच तो आहे, त्यांना विचारणं भागच होतं. आपले सात जण सहा राज्यांतले. एकाही मतदारसंघात त्यांचं वजन पडत नाही. हे क्रूर वाटतं, पण धोरण असंच घडतं. कुठं बायका घडवतात, कुठं संसद घडवते, आपल्याकडं फाईल घडवते. आणि फाईलला सगळ्या देशाचा विचार करावा लागतो. एकशे चाळीस कोटींच्या चुली एका बाजूला आणि सात माणसं एका बाजूला असताना तो तोल कुणाला तरी धरावाच लागतो.

अजून थोडा धीर धरायला सांगा. तुमच्या शब्दाला तिथं मान आहे.

नीरू

---

तुळजापूर, ९ सप्टेंबर २०२४

चि. नीरजा,

फिलिपिन्सचे पाच जण जुलैत सुटून घरी गेले. पोलंडचे चौघं मागच्या महिन्यात. जहाजावर आता फक्त आपले सात आहेत.

श्रीनाथला ताप भरतोय. उतरतो, पुन्हा चढतो. औषधं फिलिपिन्सच्या पोरांनी जाताना ठेवली होती, ती संपली. परवाच्या फोनवर कस्तुराबाईंना त्याचं बोलणं नीट कळलं नाही. त्याच्या जोडीदारानं, उमरग्याकडच्या ईरण्णानं, फोन घेतला आणि म्हणाला, "मावशी, तिकडं कुणाला तरी जोरात सांगा."

आता तरी बोललेलं चालेल का? कस्तुराबाई समोर बसल्यात, त्यांच्यासमोर लिहितोय. एका ओळीचं उत्तर दे. फोन कर, काकू घेईल.

मार्तंड

---

दिल्ली, २० सप्टेंबर २०२४

ती. काका,

पत्र आज हातात पडलं. आठवडाभर परदेशात होते, परिषदेत निबंध वाचायचा होता. मी लिहितेय त्या पाच देशांवरच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण.

मी संबंधितांशी बोलते. एवढे महिने थांबलात, आता महिनाअखेरपर्यंत थांबा. ऑक्टोबरात त्यांचा मंत्री इकडं येतोय. त्याआधी गाजावाजा झाला तर सगळं मुसळ केरात. तापाचं मी आवर्जून सांगते.

काकूला फोन करणार होते, पण तिला काय सांगावं कळेना.

नीरू

---

तुळजापूर, ३० ऑक्टोबर २०२४

नीरजा,

तू धाराशिवच्या बातम्या पाहिल्या असशील. तरीही मी लिहितो, कारण बातमीत नसलेलं तुला कळायला हवं.

तुझं वीस तारखेचं पत्र पंचवीसला आलं. मी ते घेऊन तेरला गेलो आणि कस्तुराबाईंना वाचून दाखवलं. महिनाअखेरपर्यंत थांबा, तापाचं आवर्जून सांगते. त्यांनी हात जोडले. श्रीनाथ त्याच्या आदल्या दिवशीच गेला होता. आम्हाला कळलं सत्तावीसला. मलेरिया. किनाऱ्यावरचं इस्पितळ होडीनं पाऊण तासावर होतं.

अठ्ठावीसला कस्तुराबाई एकट्याच कलेक्टर कचेरीसमोर जाऊन बसल्या. मला विचारलं नाही. शंभू मागून गेला. दुसऱ्या दिवशी ईरण्णाची बायको दैवशाला लेकरू घेऊन आली. मग मीही गेलो. पुढं नवरात्र लागलं. सगळं जग चालत तुळजापूरला येत होतं आणि मी रोज उलटा धाराशिवला. अधिकारी येऊन म्हणाले, "आजी, मुलगा तर आता..." त्यावर त्या म्हणाल्या, "माझा गेला. बाकी सा जनांच्या आया गप हायत, त्यांच्यासाठी बसले." आता मला समोरचंही नीट ऐकू येत नाही, ते मला दैवशालानं कागदावर लिहून दाखवलं.

चौथ्या दिवशी टीव्हीवाले आले. मग पुढारी आले. इतर राज्यांतल्या खलाशांच्या घरचे आपापल्या गावात बसले. नऊ ऑक्टोबरला श्रीनाथ हैदराबादपर्यंत विमानानं आणि पुढं गाडीनं आला. तेरणा नदीच्या काठी त्याला अग्नी देऊन कस्तुराबाई तिसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीसमोर. सोळा तारखेला त्या देशानं उरलेल्या सहा जणांना सोडलं. कुणाचा मंत्री रागावला नाही. करार मोडला नाही. एकोणीस दिवस लागले, नीरजा. आम्ही सहा महिने गप होतो.

रविवारी ईरण्णा तेरला आला. अर्धा राहिलाय. कस्तुराबाईंच्या पायावर डोकं ठेवून बराच वेळ उठलाच नाही. मग मला म्हणाला, शंभूनं ते माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, "सर, ऑगस्टात आपला एक साहेब बोटीवर आला होता. आम्ही म्हटलं, घरचे काळजीत असतील. तो म्हणाला, तुमच्या घरच्यांची काही तक्रार नाही, तसं दिल्लीच्या कागदावर आहे. श्रीनाथ त्या दिवशी जेवला नाही, आईला फोनवर विचारलंही नाही. म्हणाला, आई असं कसं म्हणेल?"

आमची तक्रार नाही, हे कुणी लिहिलं?

मार्तंड

---

दिल्ली, १४ नोव्हेंबर २०२४

काका,

मी लिहिलं.

मे महिन्यातलं तुमचं पत्र टेबलावर होतं. शंभूनं मोर्चा रद्द केला, कस्तुराबाई गप बसू म्हणाल्या. मी टिपणात एक वाक्य घातलं. "संबंधित कुटुंबे संयम बाळगून आहेत आणि जनमताचा दबाव नाही, त्यामुळे खलाशांचा प्रश्न या वाटाघाटींत न आणता वेगळा ठेवणे शक्य आहे." इंग्रजीत होतं. तुम्हाला कळावं म्हणून अर्थ देते.

मला वाटलं होतं, वेगळा ठेवला तर त्याचा सौदा होणार नाही. तेलाच्या बदल्यात माणसं, असं व्हायला नको. खरंच वाटलं होतं. पण वेगळा ठेवलेला प्रश्न कुणाच्याच टेबलावर नव्हता. हे मला जूनमध्येच कळलं. शिष्टमंडळातल्या एकानं हसून सांगितलं, "तुमच्या टिपणामुळं तो विषय काढावा लागला नाही, बरं झालं." तुम्हाला २६ जूनचं पत्र लिहिलं ते त्यानंतर दोन दिवसांनी. सप्टेंबरमध्ये तापाबद्दल मी एका अधिकाऱ्याला संदेश पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

या कामात कधी बोलावं हे फक्त आम्हालाच कळतं, असं मी धरून चालले होते. तुम्हाला गप बसवलं आणि तुमच्या गप्प बसण्याचाच पुरावा केला.

मला तेरला यायचंय. त्यांच्या पाया पडायचंय.

नीरजा

---

तुळजापूर, २५ नोव्हेंबर २०२४

नीरजा,

पत्र काकूला वाचायला दिलं. तिनं ते घडी करून परत दिलं.

मी तेरला गेलो. कस्तुराबाईंना आधी माझं सांगितलं. की मी तीनदा तुमच्या दारात येऊन तुमचं तोंड बंद केलं. वर्गात शिकवायचो तसा हात हलवून समजावलं. तुम्ही ऐकलंत, कारण मी सर. मग तुझं सांगितलं. लपवलं काही नाही. शंभू उठून बाहेर गेला. तो माझ्याशी पुन्हा बोलेल असं वाटत नाही.

कस्तुराबाईंनी पाटीवर खडूनं लिहिलं. शाळा तिसरीपर्यंतच झालीय. त्यांनी लिहिलं ते जसंच्या तसं देतो. "येउदे. पाया पडू नको. ते वाकेय मराठीत वाचून दाकव."

तर ये. सोलापूरला उतर, नाहीतर येडशीला गाडी मिळाली तर तिथं. मी घ्यायला येणार नाही. तेरला ओट्यावर बसलेला असेन.

मार्तंड

---

दिल्ली, २२ डिसेंबर २०२४

काका,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "त्या काय म्हणाल्या?" एवढंच लिहिलंत. त्या दिवशी तुम्ही ओट्यावरून आमच्या ओठांकडं बघत होतात. बसमध्ये शेजारी बसून धाराशिवपर्यंत आलो, तरी तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, सरांना सांगू नको, त्यांनी लई हेलपाटे घातल्यात. पण तुम्ही विचारलंत, आणि तुमच्यापासून पुन्हा काही दडवायची माझी हिंमत नाही.

मी वाक्य वाचलं. त्या म्हणाल्या, "परत." मी परत वाचलं.

"संयम म्हंजी?"

"गप्प बसणं."

"ते तर सरांनी सांगितलं आमाला."

"हो. सरांना मी सांगितलं होतं."

"म्हंजी तूच म्हनलीस गप बसा. आन् तूच लिवलंस की हे गप हायत."

मी हो म्हटलं.

"दबाव म्हंजी आमी बसलो ते?"

"हो."

"ते आधीच बसलो असतो तर?"

मी म्हटलं, "तर मला ते वाक्य लिहिता आलं नसतं." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटलं आता रडतील किंवा हात उगारतील. त्यांनी फक्त विचारलं, "ह्यात श्रीनाथचं नाव कुठं हाय?"

"नाही. खलाशी, इतकंच आहे."

"तुला म्हाईत न्हवतं?"

"माहीत होतं. काकांनी लिहिलं होतं."

"मग का न्हाय घातलंस?"

काका, कागदात नावं घालत नाहीत, तशी पद्धत नाही, हे मी त्यांना सांगितलं. खरंच सांगितलं. दहा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि ते बोलत असताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. त्या उठल्या, पलीकडं शेळीपुढं पाला टाकायला गेल्या. मी थांबले. त्या परत आल्या नाहीत. शेवटी शंभू आला, म्हणाला, "जावा ताई. बस यायची येळ झाली."

मी नोकरी सोडलेली नाही. सोडेन असं खोटं लिहिणार नाही. पुस्तक मार्चमध्ये येतंय, पाच देशांचं. भारताच्या प्रकरणातून जनतेच्या संयमाचा परिच्छेद काढा असं मी संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, तो परिच्छेद सगळ्यांना फार आवडला आहे.

नीरजा